औषधाचें माहेरचें नांव

गेल्या वर्षींची गोष्ट. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची एकच पट्टी उरली, म्हणून मी नेहमींच्या दुकानीं गेलों. दुकानदारानें चिठ्ठी पाहिली आणि दुसऱ्याच नांवाची पट्टी पुढें ठेवली. "काका, तेंच औषध आहे, कंपनी तेवढी निराळी," असें तो म्हणाला. मी घाईंत होतों. पैसे दिले व घरीं आलों.

दहाबारा दिवसांनीं आईचे पाय सुजले. उठतांना तिला भोवळ येऊं लागली. एके पहाटे ती देवघराच्या उंबऱ्यावर पडतां पडतां वांचली. डॉक्टरांनीं औषधांचा डबा मागविला, आणि उलगडा झाला. आई बिचारी जुनी गोळी घेत होती, आणि नवी निराळी समजून तीही! दोन्ही पट्ट्यांवर बारीक अक्षरांत मूळ नांव एकच होतें: ॲम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. तिच्या पोटांत रोज दुप्पट औषध जात होतें.

पुढें चौकशी करतां कळलें कीं, १९४५ च्या औषधविषयक नियमांतील ६५ व्या नियमानें, 'एच' अनुसूचींतील औषध चिठ्ठीवर देतांना त्याच्या जागीं दुसरें देण्याची दुकानदाराला मुभा नाहीं. मग द्रव्य तेंच असो वा नसो. ॲम्लोडिपिन याच अनुसूचींत आहे. तरीही अदलाबदल घडते. कधीं माल संपलेला असतो, कधीं दुसऱ्या मालावर नफा अधिक सुटतो. बदल मुळांतच वाईट, असेंही नाहीं. २००८ पासून निघालेल्या जनौषधि केंद्रांत हींच औषधें मूळ नांवानें पुष्कळ स्वस्त मिळतात.

हें सारें मी समजावूं लागलों, तेव्हां आई हंसून म्हणाली, "एवढेंच ना? लग्नांत माझें नांव बदललें, म्हणून मी का निराळी झालें?"

उपमा मला पटली. परंतु सुनेचें नवें नांव ताटांतल्या तांदुळांत लिहितात, चार माणसांच्या कानीं घालतात. औषधाचें नांव मात्र दुकानाच्या फळीवर मुकाट्यानें बदलतें. "तेंच आहे" एवढें म्हणून भागत नाहीं. "जुनें बंद करून हें घ्या" हेंही सांगावें लागतें. त्यानें तें सांगितलें नाहीं, आणि मींही विचारलें नाहीं.

आतां डब्याच्या झांकणावर प्रत्येक औषधाचें मूळ नांव लिहून डकविलें आहे. नवी पट्टी घरांत आली कीं आई चष्मा लावते आणि आधीं विचारते, "हिचें माहेरचें नांव काय रे?"