बाबांचें यंत्र

आमच्या पालघरच्या घरीं माजघरांतल्या फडताळावर एक संगणक आहे. आकारानें एखाद्या मासिकाएवढा. त्याचा प्रोसेसर ॲटम जातीचा, ३२ बिटांचा, आणि स्मृति अवघी एक गिगाबाइट. बाबांनीं २०१९ सालीं त्यावर लिनक्सची डेबियन १० ही आवृत्ति स्वतः बसविली. २०२१ सालीं ते गेले. त्या आवृत्तीची शेवटची मुदतहि जून २०२४ मध्यें संपली.

देशांतलें पहिलें अणुविद्युत्-केंद्र तारापूरला १९६९ सालीं सुरू झालें. बाबांची सारी नोकरी तिथलीच. बोईसरहून संध्याकाळीं परतले कीं ते रेडिओसमोर टेपरेकॉर्डर मांडून बसत. प्रत्येक गाण्याआधीं तारीख आणि गायकाचें नांव स्वतःच्या आवाजांत नोंदवीत, कधीं पुस्तीहि जोडीत, "पाऊस आहे, खरखर येईल." गेल्या हिवाळ्यांत मीं त्या कॅसेटी संगणकांत उतरविल्या. आईला मोबाइलचा कंटाळा. स्वयंपाकघरांत एक कळ दाबावी आणि गाणें लागावें, एवढीच तिची अपेक्षा.

या कामाला 'म्यूझिक प्लेअर डीमन' फार उत्तम. २००३ पासून चालत आलेला हा कार्यक्रम. त्याला स्वतःचें तोंड नाहीं. पडद्यामागें बसून तो वाजवितो आणि हुकूम दुसऱ्या कोणाकडून घेतो. हुकमासाठीं मीं अंकांचा एक जुना कीबोर्ड लांब तारेनें ओट्यापर्यंत नेला.

पण कार्यक्रम आणावा कोठून? बाबांच्या यंत्राला ठाऊक असलेलें भांडार जागेवर नव्हतें. प्रत्येक मागणीला नकार येई. शहाण्या माणसानें अशा वेळीं सारें पुसून नवी आवृत्ति बसवावी. डेबियन १३ मध्यें, २०२५ सालीं, ३२ बिटांच्या यंत्रांची बसवणी बंद झाली हें खरें. पण १२ चालली असती. माझा हात धजेना. बाबांच्या मांडणीच्या फायलींत जागोजाग त्यांचे शेरे आहेत. एके ठिकाणीं लिहिलें आहे, "हें बदलूं नये. एकदां बदलून पाहिलें आहे." त्यांची नक्कल दुसरीकडे ठेवतां येते हें मला कळतें. तरीहि नाहीं.

तयार पीठ मिळेना, तेव्हां जात्याशीं बसलों. म्हणजे मूळ संहितेपासून कार्यक्रम घडवायचा. नव्या आवृत्त्यांना सी++ चा नवा संकलक लागतो. बाबांचा संकलक जीसीसी ८. म्हणून मागें येऊन ०.२२ ही आवृत्ति घेतली. तिला बूस्ट नांवाचें प्रचंड गाठोडें हवें, आणि त्यांतल्या शीर्ष-फायलीच काय त्या कामाच्या! मग ध्वनीसाठीं आल्साची संहिता. मग एमपी३ उलगडणारा. एकाची गांठ सोडवावी तों दुसरा हात पुढें करी. सकाळीं गाडींत मी याचाच विचार करीं. पण पालघर आणि बोईसरच्या मध्यें स्टेशन एकच, उमरोळी, तेवढ्यांत कोणता विचार तडीस जाणार?

संकलन सुरू झालें आणि लगेच मेलें. निंजा नांवाचें अवजार एका वेळीं तीन-तीन कामें काढी, आणि एक गिगाबाइटांत तीं मावत ना. 'एका वेळीं एकच' असें बजावल्यावर गाडें चाललें. मे महिना, वीज दोनदां गेली, आणि बॅटरी तर केव्हांच मेलेली. पण झालेलीं कामें निंजा ध्यानांत ठेवतो. उरलेल्यापासून पुन्हा सुरुवात करतो. तिसऱ्या रात्रीं अडीच वाजतां शेवटची ओळ उमटली. मीं गाणें लावलें. आवाज नाहीं! तासभर धडपडलों. अखेर बाबांची ती 'बदलूं नये'ची फाईल उघडली. खालींच शेरा होता: आंतलें ध्वनिकार्ड खरखरतें, बाहेरचें वापरावें, त्याचा क्रमांक १. मीं शून्य लिहिला होता.

रविवारीं भाचा आला. सारी हकीगत ऐकून म्हणाला, "मामा, जुनीं भांडारें ते लोक जपून ठेवतात. पत्त्याच्या दोन ओळी बदलल्या असत्या तर तयार कार्यक्रम मिळाला असता, ०.२१ कां असेना." जेवण होईपर्यंत मी त्याच्याशीं बोललों नाहीं. त्याचें म्हणणें खरें होतें, आणि यंत्र बाहेरच्या जाळ्यापासून तोडून ठेवावें हा त्याचा दुसरा सल्ला मीं मुकाट्यानें पाळला.

आईनें एकाची कळ दाबली. आधीं तारीख आली, मग गायकाचें नांव, मग पावसाची ती सूचना. तिनें लाटणें खालीं ठेवलें.

"ह्यांचा आवाज जरा मोठा कर रे."

तेवढी कळ मीं योजली नव्हती. ती त्याच रात्रीं बसविली.