प्रवाळाखालची वाळू

समुद्राच्या पाण्याचें मत्स्यालय घरांत मांडूं इच्छिणारा गृहस्थ प्रथम मासे पाहावयास जातो, नंतर दिवे, त्यानंतर पाणी खेळविणारीं यंत्रें; आणि सर्व खरेदी आटोपल्यावर दुकानाच्या दारांतून मागें वळून म्हणतो, "हो, तळाला घालायला थोडी वाळूहि बांधा." हा क्रम अगदीं उलटा आहे. मासा दुसऱ्यास देतां येतो, दिवा बदलतां येतो. परंतु एकदां दगड रचले, प्रवाळ त्यांवर रुजले, कीं तळ बदलणें म्हणजे नांदत्या घराचा पाया उकरणें होय.

गेल्या वर्षीं आमच्या घरीं हा प्रश्न निघाला. आमचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर. त्यांचें मत पडलें कीं तळाला कांहींच घालूं नये. हा पक्ष टाकाऊ नाहीं. नुसत्या कांचेवर घाण सांचतांच दिसते, नळीनें ओढून घेतां येते, आणि प्रवाह कितीहि जोराचा ठेवला तरी वाळूचें वादळ उठत नाहीं. केवळ फांद्याफांद्यांचे कठीण प्रवाळ वाढविणारे कित्येक जाणते लोक असेंच करतात. परंतु माझ्या बारा वर्षांच्या नातीचा जीव रॅस कुळांतील एका लहान माशावर जडला होता, आणि हा मासा दिवस मावळला कीं वाळूंत शिरून निजतो. "मग बाबा, तो झोपणार कुठें?" असें तिनें विचारलें, तेव्हां चिरंजीवांपाशीं उत्तर नव्हतें. माझ्या मतें वादाचा निकाल तेथेंच लागला. तळावर राहणार कोण हें आधीं ठरावें, मग तळ.

आतां वाळू कोणती? आपल्या नद्यांची वाळू बहुतांशीं खडकाची व गारगोटीची. रत्नागिरीकडील किनाऱ्यावर तींत इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाचे काळे कणहि असतात. एका शेजाऱ्यांनीं तिकडून पोतेंभर वाळू आणून देण्याची तयारी दाखविली. मीं आभार मानून नको म्हटलें. किनारा उपसणें योग्य नव्हे हें एक, आणि प्रवाळद्वीपाची वाळू ही वस्तूच निराळी, हें दुसरें. ती खडक झिजून झालेली नसून जीवांपासून झालेली असते. मेलेल्या प्रवाळांचा चुरा, शिंपल्यांचे तुकडे, चुनखडी अंगांत सांठविणाऱ्या शैवालांचे अवशेष, असें सर्व तींत असतें. प्रवाळद्वीपांच्या शुभ्र किनाऱ्यांत पोपटमाशांचाहि मोठा वाटा आहे. हे मासे चोंचीसारख्या दांतांनीं प्रवाळावरचें शेवाळ खरवडतांना चुनखडीहि गिळतात, घशांतील दुसऱ्या दांतांनीं ती दळतात, आणि मागून तिचें पीठ सोडतात. एक मोठा मासा वर्षाकाठीं शेकडो किलो वाळू पाडूं शकतो. हें ऐकल्यापासून नातीनें त्या वाळूस जें नांव ठेविलें आहे, तें या मासिकांत छापण्याजोगें नाहीं.

या वाळूंतील मुख्य द्रव्य ॲरागोनाइट. स्पेनमधील मोलिना दे आरागोन या गांवावरून व्हेर्नर नांवाच्या जर्मन खनिजवेत्त्यानें १७९७ मध्यें हें नांव दिलें. खडू, संगमरवर आणि हें, तिन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. ॲरागोनाइटाच्या स्फटिकांची घडण तेवढी वेगळी. चुनखडीची वाळू घरीं पारखावयाची झाल्यास चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाकावें. बुडबुडे आले तर ती चुन्याची. न आले तर गारगोटीची.

दुकानदाराचें म्हणणें असें कीं ही वाळू पाण्याला चुना पुरवीत राहील, निराळें कांहीं घालावयास नको. हें मला पटलें नाहीं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो, आणि त्या पाण्यांत ॲरागोनाइट जवळजवळ विरघळतच नाहीं. प्रवाळांसाठीं लिटरमागें सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम राखावें लागतें, तें वरून घालावें लागतें. त्याच दुकानांत प्रवाळाचा जाड चुराहि स्वस्तांत मिळत होता. त्याच्या खड्यांमधील फटींत अन्नाचे कण पडून कुजतात, नायट्रेट वाढतें. आणि तोंडांत वाळू घेऊन कल्ल्यांवाटे चाळून टाकणाऱ्या गोबी माशाला तर ते भातांतले खडेच. उलट पिठासारखी वाळू पंप सुरू होतांच उडून प्रवाळांच्या अंगावर बसते. आम्हीं सुमारें १ मिलिमीटरचा दाणा पसंत केला.

थराची जाडी हा खरा वादाचा विषय. कांहीं लोक ४ ते ६ इंच थर देतात. वरच्या भागांतील जीवाणू अमोनियाचें नायट्रेट करतात, आणि खालीं, जेथें प्राणवायु पोहोंचत नाहीं तेथें, दुसरे जीवाणू त्या नायट्रेटाचा नायट्रोजन वायु करून सोडतात. मोनॅको येथील ज्याँ जोबेर यांनीं तर वाळूखालीं पाण्याची पोकळी ठेवून यावर एक पद्धतच बसविली. कल्पना सुंदर आहे. पण असा खोल थर एकाएकीं ढवळला गेला तर सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायु सुटूं शकतो, आणि आमच्याकडे यावयाचे होते ते उकरणारेच मासे. म्हणून २ इंच. तीन फूट लांब, दीड फूट रुंद पेटीस त्या हिशेबानें ३० किलोच्या आसपास वाळू लागली.

मालवणच्या सहलींत दिसलेले प्रवाळाचे तुकडे आणून तळांत मिसळावे, अशी नातीची एक सूचना होती. ती मीं तत्काळ फेटाळली. कठीण प्रवाळांना २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत वाघाच्या पंक्तीला बसविलें आहे. मेलेला तुकडाहि उचलूं नये. पोतें घेतांना वाळू कोठून आली हें त्यावर छापलेलें आहे ना, एवढें मीं चष्मा लावून पाहिलें.

दगड प्रथम उघड्या कांचेवर पक्के बसविले, मग भोंवतीं वाळू ओतली. वाळूवर दगड ठेवल्यास मासे खालून पोखरतात आणि रचना ढांसळते. पाणी दोन दिवस ताकासारखें पांढरें होतें. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येण्यास पांच आठवडे लागले, त्यानंतर मासा आणला. तो त्याच संध्याकाळीं वाळूंत गेला आणि दुसऱ्या दिवशीं वर आलाच नाहीं. तिसऱ्या दिवशीं नात रडकुंडीस आली. चिरंजीवांनीं लांकडी पळीनें वाळू चाळून पाहण्याचा विचार बोलून दाखविला. नवा रॅस कित्येक दिवस असा दडून राहतो, हें मीं वाचलेलें होतें. मीं पळी स्वयंपाकघरांत परत पाठविली. चौथ्या दिवशीं सकाळीं कोपऱ्यांतली वाळू हलली, आणि डोळ्यांपुरतें तोंड बाहेर आलें.