रिपोर्ट चांगला आला, त्यानंतर

रेडिएशन संपलं त्या दिवशी घरी पेढे आले. सासूबाईंनी दृष्ट काढली. स्तनाचा कर्करोग, केमो, ऑपरेशन, रेडिएशन सगळं पार पडलं होतं. आता टॅमोक्सिफेनची गोळी निदान पाच वर्षं आणि दर तीन महिन्यांनी तपासणी.

मी ढेपाळले ती त्यानंतर. उपचार चालू असताना रडायला सवडच नव्हती. रक्ताचे रिपोर्ट, सलाईन, एसटीच्या वेळा, पुण्याला नणंदेकडे मुक्काम. आता घरी बसले आणि पाठ दुखली की वाटायचं, हाडात गेला. रात्री तीनला जाग यायची. तपासणीची तारीख जवळ आली की घास उतरायचा नाही. बायका म्हणायच्या, ‘अगं, रिपोर्ट चांगला आलाय ना, मग कशाला विचार करतेस?’ यजमान तर विषय निघाला की उठून गोठ्यात जायचे.

हॉस्पिटलात एकदा म्हटलं, झोप लागत नाही. झोपेची गोळी लिहून दिली आणि पुढचा पेशंट आत. बाहेर बाकांवर एवढी माणसं, डॉक्टरांना तरी वेळ कुठला.

पुढे तपासणी घराजवळच्या दुसऱ्या केंद्रात लावून घेतली. तिथं वजन आणि बीपी झालं की सिस्टर एक कागद देतात. त्यावर थर्मामीटर काढलेला असतो, 0 ते 10. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तिथं खूण करायची. बाजूला यादी: पैसे, मुलं, झोप, भीती, नवरा-बायकोचे संबंध. 4 किंवा जास्त आलं की लगेच समुपदेशक बाईंकडे पाठवतात. मी 8 वर खूण केली. वेगळा केसपेपर नाही, वेगळा दिवस नाही, त्याच बोळात पलीकडची खोली. मानसोपचाराची पाटी लावलेला दवाखाना असता तर मी पायरी चढले नसते.

त्या बाईंनी नुसता धीर दिला नाही. डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून दिलं: नवीन दुखणं दोन आठवडे टिकलं किंवा वाढत गेलं तर फोन करायचा. गाठ लागली तर थांबायचंच नाही. काळजीसाठी दिवसातली एक वेळ ठरवली. संध्याकाळी वही घेऊन बसायचं, मनात येईल ते लिहायचं, मग उठायचं. नंतर यजमानांनाही आत बोलावलं. तिथं कळलं की तेही रात्री जागेच असतात. ‘हिच्यापुढं रडायचं कसं?’ म्हणाले.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीही दिली, पण आधी टॅमोक्सिफेन चालू आहे का ते विचारलं. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्यांनी टॅमोक्सिफेनचा असर कमी होऊ शकतो, म्हणून मला वेन्लाफॅक्सिन दिली. अंगातून वाफा निघायच्या, त्याही तिनं कमी झाल्या. तेव्हा कुठंही जाताना सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी न्या. अशी गोळी आधीच चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

मॅमोग्राफीच्या आधीचा आठवडा अजूनही वाईटच जातो. फक्त आता तो घरात सगळ्यांना माहीत असतो.

जिथं अशी खोली नाही, तिथल्यांनी 14416 लावावा. टेलि-मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही चालतो, मराठीत बोलतात. शेजारच्या वाडीतल्या एका बाईंना मीच लावून दिला. तोंडाच्या ऑपरेशनमुळे त्यांचं बोलणं समजत नाही, म्हणून त्यांची लेक बोलली. नंतर स्वतःचंही बोलली.