चैताचे पाणी

कादंबरीत नदी फार स्वस्त मिळते. ‘सांज झाली होती आणि ती नदीकाठी उभी होती’ एवढे लिहिले की लेखकाचे काम भागते. पात्र किती रुंद, पाणी कोणत्या काठाला धरून वाहते, तळाशी रेती आहे की गोटे, महिना कोणता, हे कोणी विचारीत नाही. वाचक आपापल्या गावची नदी घेऊन येतो आणि त्या एका वाक्यात ओतून देतो. आमच्या धंद्यात ज्या थोड्या सवलती आहेत त्यांतली ही एक. पण फळ्यांच्या चौकटीवर, बोट लावून पाहता येईल अशी, तीन हात रुंदीची नदी करायला एकदा बसून पाहावे! मग कळते की नदी ही मोठी चौकस वस्तू आहे. ती एकेक गोष्ट विचारते, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकू देत नाही.

मी या उद्योगाला लागलो तो मुलांमुळे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाळेत मी चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी रेल्वेची प्रतिकृती करायचे ठरवले. कोणती रेल्वे करावी, असे त्यांनी विचारले तेव्हा मी म्हटले, “छोटी लाइन करा.” मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यांच्यापैकी एकानेही ती पाहिली नव्हती.

छोटी लाइन म्हणजे गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत जबलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. १९०३ ते १९०५ या काळात ती सुरू झाली. २००५ च्या सुमारास बालाघाटपर्यंतचा भाग मोठ्या लाइनीत बदलला आणि नैनपूर-जबलपूरकडची छोटी गाडी २०१५ साली थांबली. माझी आत्या बालाघाटला दिली होती, त्यामुळे शाळकरी वयात या गाडीने मी कितीदा तरी गेलो. ती इतकी सावकाश चाले की रुळाकाठच्या धानाच्या बांध्या मोजता येत. बाघ नदीचा पूल आला की बायका पदराची गाठ सोडून नाणे काढीत आणि खिडकीतून नदीला वाहत. नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागे. पण आम्हा मुलांचा डोळा राज्यावर नसे. ते नाणे पाण्यात पडते की रेतीत, यावर आमच्या पैजा लागत.

माप ठरले पन्नासास एक. खऱ्या रुळांतले ७६२ मिलिमीटरचे अंतर पंधरा मिलिमीटरवर आले. सायकलच्या मोडक्या चाकांचे आरे सरळ करून त्यांचे रूळ केले, बांबूच्या कामट्यांचे स्लीपर. डबे पुठ्ठ्याचे, इंजिनाच्या पोटात खेळण्यातली मोटर. छोट्या लाइनीवर नेहमी दिसत तसे दगडी खांब आणि लोखंडी तुळ्या असा पूल केला. पात्र मात्र प्रमाणात मावेना. दोनशे मीटरची नदी धरली तरी तिचे चार मीटर होतात, आणि तेवढी लांब भिंत आमच्या वर्गात मोकळी नव्हती. म्हणून गाळे कमी केले आणि खांबांची उंची तशीच ठेवली. उंची राखली की रुंदीतली लबाडी डोळा माफ करतो. गाडी तीन आठवड्यांत धावू लागली. नदीला अडीच महिने लागले.

पहिल्याच दिवशी एका मुलाने निळ्या रंगाचा डबा आणला. सगळ्या वर्गाला ते पटले. चित्राच्या वहीत नदी निळीच असते. फक्त मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, नदी निळी नाही राहत जी.” ती ढिवरांची पोर. तिच्या घराण्याने नदीवरच पोट भरलेले. मी विचारले, “मग कशी राहते?” ती जराशी थांबली आणि म्हणाली, “कोणत्या महिन्यात?”

या प्रश्नाने आमचा वर्ग पुढच्या रविवारी नदीवर गेला. दिवाळी होऊन गेली होती, पाणी उतरलेले होते. मुलांना मी सांगितले होते की पाण्याकडे पाहायचे नाही. पाण्याने काय केले आहे ते पाहायचे. आणि खरोखर सगळी नदी पाण्याच्या बाहेरच लिहिलेली होती! वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ उभा कातरलेला, झाडांची मुळे उघडी. आतल्या अंगाला रेतीचा उतार, हळूहळू पाण्यात शिरणारा. पुलाच्या खांबांना वरच्या अंगाने काट्याकुट्या आणि गवत अडकलेले, खालच्या अंगाने रेतीची लांब शेपटी. खांबावर माणसाच्या डोक्याच्याही वर पुराची करडी रेघ. पाण्याला स्वतःचा असा रंग नव्हताच. उथळ जागी ते रेतीसारखे पिवळे, खोल जागी शेवाळी काळे, आणि लांबून पाहिले तर आभाळासारखे. चिचगडच्या डोंगरातून निघून वैनगंगेला मिळेपर्यंत ही नदी हेच करीत येते: एका काठाचे खरवडायचे आणि दुसऱ्या काठाला द्यायचे.

परत आल्यावर मुलांचे म्हणणे पडले की खरेच पाणी सोडावे. मी सोडू दिले. नाहीतरी तळाला कुठे फट आहे का, ते पाहायचेच होते. फट सापडली, आणि दुसरीही एक गोष्ट सापडली. पाणी लहान होत नाही. इंजिन लहान करता येते, आंब्याचे झाड लहान करता येते, माणूस तीन सेंटिमीटरचा करता येतो. पण थेंब तेवढाच राहतो. पुलाच्या खांबावर चार मिलिमीटरचा थेंब बसला. आमच्या मापाने तो वीस सेंटिमीटरचा झाला, घागरीच्या तोंडाएवढा! लाट उठेना, कडेला पाणी फुगून गोल बसले. त्या पाण्यापुढे आमची गाडी एकाएकी पुठ्ठ्याची दिसू लागली.

मोठमोठ्या इंजिनिअरांनाही ही अडचण चुकत नाही. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ सालापासूनची पाण्याच्या संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. धरण किंवा पूल बांधण्याआधी तिथे नद्यांच्या प्रतिकृती करून त्यांत पाणी वाहवतात. अशा कामात लांबी-रुंदी जितकी लहान करतात तितकी खोली पुष्कळदा करीत नाहीत. नाहीतर पाण्याचा नुसता पापुद्रा उरेल आणि तो नदीसारखा वागणार नाही. वेळेचाही हिशेब निराळा. शंभरास एक मापाच्या नदीत पाणी खऱ्याच्या एकदशांश वेगाने वाहते आणि खऱ्या नदीचे दहा तास तिथे एका तासात सरतात. ती नदी बुद्धीला पटते. डोळ्याला पटणारी नदी हवी असेल तर ती कोरडीच करावी लागते.

म्हणून आम्ही आधी तळ केला. रुळाच्या पातळीखाली चार इंच चौकट उतरवली, कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर थापून काठ उभे केले, नदीवरून आणलेली रेती कापडातून चाळून पसरली. मग रंग. मध्ये डोह काळपट हिरवा, तिथून कडेकडे फिका होत जाणारा. खोली जी दिसते ती या रंगामुळे. वर पाणी म्हणून जे ओतायचे ते जेमतेम बोटभर जाडीचेही नसते. वर काय ओतावे यावर पुष्कळ प्रयोग झाले. आमच्या गावांना गोंद नवा नाही. गोंदियाचे नावच त्यावरून पडले असे सांगतात. मुलांनी गोंद विरघळवून ओतला. चकाकी सुरेख आली, पण वाळल्यावर त्याला उन्हाळ्यातल्या तलावासारख्या भेगा पडल्या. शेवटी वर्गणी काढून नागपूरहून इपॉक्सी रेझिन मागवले. दोन बाटल्यांतले द्रव ठरल्या मापाने मिसळायचे, तीन मिलिमीटरचा एक थर द्यायचा, वर धूळ पडू नये म्हणून पुठ्ठा झाकायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. घाईने एकदम जाड ओतले तर ते आतल्या आत तापते आणि तडकते. असे पाच थर दिले. पाचव्या दिवशी वर्गातला सगळ्यांत दंगेखोर मुलगा नदीपाशी हात मागे बांधून उभा होता.

एक प्रश्न मात्र मागे राहिला होता. तो त्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि आता नुसता महिना पुरणार नव्हता. सालही हवे होते. रविवारी आम्ही जे वळण पाहिले तिथे रेती फारशी उरलेली नव्हती. उपसून नेलेल्या रेतीचे खड्डे होते आणि खड्ड्यांत साचलेले हिरवे पाणी. मुलांनी ते खड्डे वहीत उतरवून आणले होते, कारण त्यांना तीच नदी ठाऊक. आणि पुलावर गाडी उभी होती ती मात्र २००५ च्या आधीची. गाडी जुनी आणि नदी आजची, असे कसे चालेल?

मला त्या दिवशी प्रथमच जाणवले की आपण गाडीची केवढी काळजी घेतो. नागपूरला मोतीबागेत छोट्या लाइनीचे संग्रहालय आहे. तिथे इंजिने, डबे, कंदील जपून ठेवले आहेत. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे; तिथल्या छोट्या छोट्या गाड्यांसमोर थोरामोठ्यांची मुले होतात. गाडी बंद झाली की तिची तारीख राहते, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, शेवटच्या फेरीला माणसे हार घेऊन जातात. नदी बदलते तिला तारीख नसते. शेवटची रेती कोणत्या दिवशी गेली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हार घेऊन कोणी गेले नाही.

तेव्हा विचारायचे कोणाला? त्या मुलीने उत्तर घरून आणले. तिच्या घरची त्या वळणावर डांगरवाडी होती. पावसाळ्यानंतर पाणी ओसरले की ढिवर रेतीवर वाड्या करतात. ओल लागेपर्यंत रेतीत खड्डे घ्यायचे, त्यात खत आणि बी घालायचे, वाऱ्याने रेती उडून येऊ नये म्हणून गवताचे आडोसे उभे करायचे. उन्हाळ्यात डांगर आणि टरबूज निघतात. ही रेती गेली तेव्हा ती मुलगी पाच वर्षांची होती. वडील आता वर्षातले सहा महिने नागपूरकडे बांधकामावर जातात. तिथे रेतीच चाळतात, असे ती म्हणाली. ती हसून म्हणाली, म्हणून मलाही हसावे लागले.

तिने चार दिवस खपून वाडी केली. पेन्सिलीच्या टोकाने रेतीत ओळीने खड्डे, तणसाच्या काड्यांचे आडोसे, हिरव्या लोकरीचे वेल आणि मोहरीच्या दाण्यांची डांगरे. पन्नासास एक या मापाने मोहरी दहा सेंटिमीटरची होते. डांगर तेवढे असते, हे तिने स्वतः हिशेब करून मला दाखवले. दुसऱ्या एका मुलाने काठाच्या बांधीत सारसांची जोडी उभी केली. आमच्या जिल्ह्यात ते अजून आहेत, म्हणून त्यांच्या सालाविषयी वाद झाला नाही.

प्रदर्शनात गर्दी गाडीभोवतीच होती. एका परीक्षकांनी नदीला बोट लावले आणि मग कोरडे बोट पुनःपुन्हा पाहिले. मुलांना ते बक्षिसासारखे वाटले. तिसऱ्या प्रहरी ती मुलगी आपल्या आजीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. गाडी पुलावरून खडखडत जात होती. तिकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती वाकली, डोहाच्या कडेपासून रेतीच्या कडेपर्यंत तिने नजर फिरवली आणि म्हणाली, “चैत होय हा.”

महिना आम्ही कुठेही लिहिला नव्हता.

“वाडी कोणाची होय?” तिने विचारले.

“आपलीच आजी,” मुलगी म्हणाली.

म्हातारीने पुन्हा खाली पाहिले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. पण जिने उभा जन्म नदीवर काढला ती माणसे नदीकडे तशी पाहत नाहीत. तिने वाडीच्या खालच्या अंगाला, पाण्यापासून चार बोटांवर, रेतीवर नख टेकवले. “इथे झिरा पाहिजे,” ती म्हणाली. “माणसे दिवसभर वाडीत राबतील, ते प्यायचे पाणी कुठून घेतील गुरुजी?”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी ती मुलगी वर्गात येऊन बसली होती. तिने दाभणाने त्या जागी रेतीत एक बारीक भोक घेतले, बाटलीच्या बुडाशी उरलेले रेझिन काडीवर घेतले आणि त्याचा एक थेंब आत सोडला. मग त्यावर उलटी वाटी झाकून ती आपल्या बाकावर जाऊन बसली. तो थेंब सुकायला दुसरा दिवस उजाडायचा होता.