वापरलेले वैभव

जुन्या गाड्यांच्या बाजाराची स्वतःची एक मराठी आहे. तीत ‘पासिंग’ म्हणजे उत्तीर्ण होणे नव्हे, तर गाडीची नोंदणी कोणत्या गावची ती ओळख; ‘रनिंग’ म्हणजे गाडीने आजवर तोडलेले एकूण अंतर; ‘पार्टी’ म्हणजे मालक, आणि ती पार्टी डॉक्टर असेल तर गाडीची किंमत आपोआप थोडी चढते. आमच्या तालुक्याच्या गावी मारुती ‘जुनी’ असते. पुण्यातील काचेच्या दालनात उभी असलेली, तिच्याहून वयाने मोठी असलेली रेंज रोव्हर मात्र ‘प्री-ओन्ड’ असते. अर्थाचा उत्कर्ष नि अपकर्ष आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो, त्याचे इतके ठसठशीत उदाहरण आमच्या टिपणवहीत नव्हते.

या बाजारात आम्हा दोघा मराठीच्या अध्यापकांचे काय काम, असा प्रश्न वाचकांना पडेल. काम कागद वाचण्याचे होते. आबा हे आमच्यापैकी एकीचे थोरले बंधू आणि दुसऱ्याचे मेहुणे. समृद्धी महामार्गात त्यांची काही जमीन गेली. मोबदल्यातून त्यांनी आधी दुसरीकडे जमीन घेतली, विहीर बांधली, मुलीचे लग्न केले. उरले ते मुदत ठेवीत राहिले. ती ठेव आता मोडायची आणि नव्या फॉर्च्युनरच्या किमतीत, किंवा तीहून थोडक्यात, ‘तिच्या बापासारखी’ एखादी जुनी गाडी घ्यायची असे त्यांच्या मनाने घेतले. पाहून ठेवलेल्या गाड्या दोन : २०१२ची टोयोटा लँड क्रूझर आणि २०११ची रेंज रोव्हर. “गाडीचं मिस्त्री बघतील, कागदाचं तुम्ही बघा,” असे ते म्हणाले. मुदत ठेव म्हणजे शेवटी जमिनीचा राहिलेला तुकडाच होता. म्हणून नाही म्हणता आले नाही.

दोन्ही गाड्या नवेपणी कोटीच्या आसपासच्या. आयात शुल्काने मूळ किंमत फुगलेली, आणि चौदा-पंधरा वर्षांत ती फूग उतरलेली. पण उतरते ती फक्त खरेदीची किंमत. इंजिनाचा पंप, ब्रेकच्या चकत्या, समोरची काच यांच्या किमतीला गाडीच्या वयाशी काही देणेघेणे नसते. त्या कोटीच्या गाडीच्याच राहतात. पंचवीस लाखांत घेतलेल्या गाडीचा संसार कोटीच्या गाडीचाच करावा लागतो, ही गोष्ट या दालनात कोणी उच्चारत नाही. आबांना हे ठाऊक होते. त्यांनी आयुष्यात दोन जुने ट्रॅक्टर आणि एक जुनी सुमो सांभाळली आहे. (सुमो हे नाव जपानी मल्लांवरून नव्हे, तर सुमंत मुळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या आरंभाक्षरांवरून आले, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी अजूनही चमकतात.)

रेंज रोव्हरच्या बाजूने आबांचा पहिला मुद्दा हाच होता : “ती आता टाटांचीच की.” म्हणणे खरे, पण त्या विशिष्ट गाडीपुरते अर्धेच. १९९४ साली बीएमडब्ल्यूने रोव्हर समूह घेतला आणि ही पिढी तिच्या अमलात आखली गेली. २००० साली लँड रोव्हर फोर्डच्या हाती गेली. गाडी २००२मध्ये विक्रीस आली तेव्हा तिच्या पोटात इंजिने बीएमडब्ल्यूची होती, पुढे ती जॅग्वारची झाली. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर मिळून २३० कोटी डॉलरना घेतल्या. म्हणजे आम्ही पाहत होतो ती गाडी कागदावर ‘फर्स्ट ओनर’ असली, तरी तिचा आराखडा मात्र तिसऱ्या घरी नांदत होता. हस्तलिखिताच्या प्रती एका मठातून दुसऱ्या मठात जाताना प्रत्येक लेखनिक आपली थोडी भर घालतो, तसे काहीसे.

मूळची रेंज रोव्हर मात्र वेगळी होती, आणि हे आम्हाला फार आवडले. १९७० साली ती आली तेव्हा आतील बैठका व्हिनाइलच्या होत्या. शेतातून चिखल घेऊन आलेला मालक पाण्याची नळी लावून गाडी आतून धुऊ शकत असे. चामडे, लाकूड, संगीत हे सारे नंतरचे संस्कार. शेतकऱ्याची गाडी हळूहळू जमीनदाराची झाली आणि शेवटी ज्याने जमीन पाहिलेलीच नाही त्याची. आबा त्या गाडीत चढण्यापूर्वी दारात क्षणभर थबकले आणि त्यांनी चपला काढल्या. विक्रेता “राहू द्या, राहू द्या” म्हणत राहिला. त्या क्षणी दोघांपैकी गाडीचा मूळ उद्देश अधिक कोणाला कळला असता, हे सांगणे कठीण.

लँड क्रूझरची वंशावळ सरळ. १९५१ साली जीपच्या धर्तीवर घडवलेली गाडी, १९५४पासून आजचे नाव, आणि २०१९पर्यंत जगभर एक कोटीहून अधिक विक्री. वाळवंटात, दंगलीत, दुष्काळात पांढरी गाडी दिसते ती बहुधा हीच. २००७ साली आलेल्या पिढीतही खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि मागे अखंड आस. घराचा सांगाडा वेगळा आणि भिंती वेगळ्या अशी ही रचना. रेंज रोव्हरचा सांगाडा आणि भिंती एकच, आणि चाकांवर पोलादी स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे. त्यांच्यामुळे गाडी खड्ड्यावरून पलंगासारखी जाते, हवे तेव्हा उंच होते, उतरायचे असेल तेव्हा खाली बसते. पण रबराला वय असते. सूक्ष्म चिरा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला पंप वारंवार चालतो आणि एके दिवशी तोही थकतो. आमच्या गावचे मिस्त्री सोबत आले होते. त्यांनी ही सारी रचना आम्हाला दहा मिनिटांत समजावली. आम्हाला एखादे वृत्त समजावायला एवढ्या वेळात जमत नाही.

इथपर्यंत निवड सोपी होती. लँड क्रूझर घ्यावी, असे आमचेही मत झाले होते. मग कागद आले.

रेंज रोव्हर दिल्ली पासिंगची. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यानंतर तिथल्या धडधाकट गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. २०२५मध्ये न्यायालयाने त्या मनाईची धार बरीच कमी केली. पण ही गाडी त्याआधीच निघालेली होती. तिच्यासोबत ना-हरकत प्रमाणपत्र होते आणि एक जाडजूड फाइल. पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या पावतीपर्यंत सारे क्रमाने लावलेले. मधे मधे निळ्या शाईत मालकाच्या टिपा. कोणत्या तारखेला कोणता आवाज आला, तो कशाने थांबला. मागचे दोन्ही हवेचे फुगे बदलल्याची पावतीही होती. एखाद्या निगुतीने ठेवलेल्या रोजनिशीसारखी ती फाइल होती आणि तिच्या कर्त्याविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला.

लँड क्रूझरच्या पावत्या मोजक्याच. नोंदणी महाराष्ट्रातली, मालक दोन. आम्ही पावत्या टेबलावर तारखेने मांडल्या, पाठचिकित्सेत प्रती मांडतात तशा. २०१८च्या पावतीवर अंतराचा आकडा १,४२,००० होता. पुढची पावती २०२१ची, एका वेगळ्याच गॅरेजची, तिच्यावर ८९,०००. दालनातील फलकावर ‘रनिंग ९६,०००’ असे अभिमानाने लिहिलेले. मीटर मागे फिरवण्याची विद्या या व्यवसायात जुनीच आहे. विस्मय याचा वाटला की ज्याने आकडा बदलला त्याला जुनी पावती काढून टाकण्याचे सुचले नव्हते. प्रक्षेप करणारे बहुधा इथेच सापडतात. विक्रेत्याचे म्हणणे, गाडी त्याच्याकडे आली तेव्हा आकडा असाच होता. ते खरेही असेल.

मिस्त्रींनी मग टायरच्या बाजूवरील चार आकडे वाचायला शिकवले. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे : ‘२२१७’ म्हणजे २०१७ सालाचा बाविसावा आठवडा. इतका आटोपशीर शिलालेख आम्ही पाहिलेला नाही. लँड क्रूझरची चारही चाके त्याच आठवड्यातली, वरून काळे पॉलिश मारून तरुण केलेली. समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे; अडीच टनांहून जड गाडी, उन्हाने तापलेले काँक्रीट आणि इतके जुने रबर यांचा योग जुळवून आणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता प्रश्न खरोखर अवघड झाला. एका बाजूला घराणे भक्कम पण चारित्र्याला डाग. दुसऱ्या बाजूला घराणे नाजूक, खर्चिक, पण या एका व्यक्तीचे वर्तन निर्मळ. स्थळे पाहताना आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या हाच वाद चालत आला आहे. आमच्यातही तो झाला, मुंबई-पुणे रस्त्यावरील एका हॉटेलात, मिसळ थंड होईपर्यंत. एकीचे म्हणणे : जी गाडी खरे बोलते तिचे दुखणे तरी कळते, खोटे बोलणाऱ्या गाडीत आणखी काय लपले आहे याचा थांग लागत नाही. दुसऱ्याचे म्हणणे : खोटे माणूस बोलला, लोखंड नाही, पोलादी चौकट मीटरसारखी मागे फिरवता येत नाही. मिस्त्रींनी चौकट हातोडीने ठोकून पाहिली होती, गंज नव्हता, वेल्डिंगचा सांधा नव्हता. त्यांच्या मते खरे दीड-दोन लाख किलोमीटर झाले असले तरी त्या इंजिनाला ते फार नव्हते. प्रामाणिक फाइल वाचायला उत्तम, पण तिने हवेच्या पंपाचे आयुष्य वाढत नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही पूर्वी ऐकलेले नव्हते. जमिनीच्या मोजणीच्या दिवसांत बांधावर एक मोठी पांढरी गाडी आली होती. आतले साहेब सज्जन होते. त्यांनी काच खाली केली, नमस्कार केला, नकाशा दाखवला, सारे नीट समजावले. “फक्त मी खाली उभा होतो,” आबा म्हणाले, “आणि रान माझं होतं.” नकाशा बघायला त्यांना टाचा उंच कराव्या लागल्या. ती गाडी कुठली होती हे त्यांना आठवत नव्हते. उंची तेवढी आठवत होती.

आम्ही दोघेही यावर काही बोललो नाही. ठेव मोडू नये हे सांगण्याचे मनात होते, आणि त्याची वाक्येही प्रवासात जुळवून ठेवली होती. ती उच्चारली नाहीत. वस्तूंच्या हव्यासावर आम्ही वर्गात पुष्कळ बोललो आहोत. त्या व्याख्यानात हा मनुष्य कुठे बसत नव्हता. शिवाय या गाड्या ज्या वाटांसाठी बनवल्या आहेत त्या वाटा आमच्या ओळखीत फक्त आबांच्या वाट्याला आलेल्या आहेत. वस्तीपासून डांबरीपर्यंतचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात बैलांनाही नको वाटतो. पुण्यातल्या ज्या मालकांनी या गाड्या फूटपाथवर चढवण्यापलीकडे कुठे चढवल्या नसतील, त्यांच्यापेक्षा लो गिअरचा अधिकार आबांचा अधिक. जिच्या पैशातून ही खरेदी होती ती जमीन रस्त्याखाली गेली; गाडी मात्र हवी होती ती रस्ता नसलेल्या जागेसाठी.

दुपारी आम्ही परत दालनात गेलो. आबांनी २०१८ची पावती टेबलावर ठेवली आणि काही न बोलता तिच्यावर बोट ठेवले. किंमत दोनदा उतरली. चार नवे टायर, दोन वर्षांनी येणारा पंधरा वर्षांच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च आणि त्या वेळचा पर्यावरण कर, असा हिशेब त्यांनी सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला मांडला, तेवढे आणखी कमी करून घेतले, आणि लँड क्रूझर ठरली. रेंज रोव्हरच्या फाइलकडे आमच्यापैकी एकीने शेवटचे वळून पाहिले. ती कोणा चांगल्या वाचकाला मिळावी.

हस्तांतरणाचे नमुना २९ आणि ३०चे अर्ज आम्ही भरले. आबांचे अक्षर चांगले असूनही सरकारी रकान्यांपुढे ते बिचकतात. विक्रीच्या पावतीवर मात्र आम्ही हट्टाने एक ओळ लिहून घेतली : ‘मीटरवरील आकडा प्रत्यक्ष अंतर दर्शवत नाही, २०१८मधील नोंद १,४२,००० कि.मी.’ विक्रेता कुरकुरला, याने पुढे गाडी विकताना भाव पडेल म्हणाला. आबांनी पेन त्याच्या हातात दिले आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या. ती जुनी पावती आता नव्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. तिच्यामागे टायरची पावती, आणि तिच्यावर आबांच्या हातची तारीख.