वाटणीतून उरलेले कुंपण

कुंपण या शब्दाला मराठीने फारसे बरे वागवलेले नाही. सरड्याची धाव तिथवरच, आणि शेत खाल्ल्याचा आळही त्याच्याच माथी. कोकणात दगडी गडगा असतो, जिवंत झाडाझुडपांची वई असते. आमच्या माळव्यात तिला बागड म्हणतात. चार पिढ्या इंदुरात काढलेल्या आमच्या घरी दोन्ही शब्द नांदतात. आत कुंपण, फाटकाबाहेर बागड.

आमच्या परसातले कुंपण वाटणीतून आले. वडिलांच्या पश्चात आम्हा दोघा भावांत घर विभागले गेले. भांडी, दागिने, पुस्तके यांच्या याद्या दोन संध्याकाळींत पुऱ्या झाल्या. उरले ते कोणालाच नको असलेले. आजीचा लोखंडी पलंग, पाडलेल्या खोलीच्या खिडक्यांचे गज, सायकलची दोन चाके, शिवणयंत्राचे बिडाचे पाय, कान तुटलेल्या बरण्या, रिकाम्या बाटल्या. मधे भिंत घालावी असे आम्हा दोघांच्याही मनात होते. धाकटी भावजय एवढेच म्हणाली, “दादा, भिंत नको. हाक अडते.”

तेव्हा भंगारवाल्याला परत पाठवले आणि कामाला लागलो. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिच्यात नुसता रोवलेला खांब बघता बघता कलतो. म्हणून दोन फुटांचे खड्डे घेऊन खांबांभोवती मुरूम आणि विटांचे तुकडे ठोकून भरले. खांब म्हणजे जुन्या चौकटींचे सागवान. जमिनीत जाणाऱ्या टोकांना वाळवीसाठी डांबर फासले. पलंगाचे उशाकडचे आणि पायथ्याचे कठडे जसेच्या तसे उभे केले, मधे गज बसवले. लोखंड घासून आधी रेड ऑक्साइडचा हात दिला, मग हिरवा रंग. बांधायला तार वापरली, कारण नायलॉनची दोरी आमच्या उन्हात लवकर कुजते. शिवणयंत्राच्या पायांचे छोटे फाटक झाले. चाकांच्या आऱ्यांवर कृष्णकमळ चढले, गजांवर गोकर्ण. बाटल्या तोंडे खाली करून वाफ्याच्या कडेला पुरल्या. बरण्यांच्या बुडाला मात्र आठवणीने भोके पाडावी लागली, नाहीतर साचलेल्या पाण्यात डासांचीच शेती.

टायर कापून त्याचा हंस करणारी रसिकता मला झेपत नाही. पलंग कुंपणात गेला तरी पलंग म्हणून ओळखू यावा. जाते कुंपणात घालायला मात्र दोघेही तयार झालो नाही. ते अजून माझ्या ओसरीवर आहे आणि दळत काहीच नाही.

अशा कामाचे मोठे रूप चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये पाहायला मिळते. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतला मोडकातोडका ऐवज गोळा करून, १९५७च्या सुमारास त्यांनी सरकारी जंगलात गुपचूप आपले राज्य वसवायला घेतले. फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे, विजेची जुनी सामग्री यांतून मूर्ती आणि भिंती उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये ते उद्यान लोकांना खुले झाले. तिथे हिंडताना मला कलेपेक्षा त्या उठवलेल्या गावांचीच आठवण अधिक झाली. कोणाच्या तरी मनगटावरची ती बांगडी, कोणाच्या तरी न्हाणीघरातला तो तुकडा.

इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले आणि पुढेही अनेकदा आले. याचा मला अभिमान आहे. दारात कचऱ्याची गाडी येते. ओले वेगळे, सुके वेगळे. पण वस्तू टाकून देणे इतके सोपे झाले, की तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहण्याची सवड उरली नाही, असेही वाटते.

आमचे कुंपण दोन्ही घरांना वेगळे करते, याबद्दल गैरसमज नको. वीजबिले वेगळी, देवघरे वेगळी, आणि एक वर्ष असेही गेले की दोघा भावांत बोलणे नव्हते. त्या वर्षी गोकर्णाची फुले पूजेसाठी दोन्ही बाजूंनी खुडली जात होती, एवढेच. भावजय पलीकडून “दादा, मेथी निवडलेली ठेवली आहे” म्हणायची. गजांतून जुडी इकडे यायची.

आता पुतण्या बिल्डरशी बोलतो आहे. मोजणीला आलेल्या माणसाने कुंपणाची नोंद ‘भंगार’ अशी केली. भाव अजून ठरलेला नाही. पाऊस लागण्यापूर्वी गजांना रंग द्यायला हवा. या वर्षी पाळी धाकट्याची आहे.