वजन वेगळं, भाव वेगळा

दहावीची परीक्षा ज्या दिवसांत येते, ते दिवस गोदावरीकाठच्या पुणतांब्याच्या शिवारात रिकामे नसतात. गहू सोंगणीला आलेला असतो, रांगडा कांदा बाजारात जात असतो, उन्हाळ कांद्याची शेवटची पाणी बाकी असतात. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची असली, तर घरातलं एक माणूस बॅटरी घेऊन बांधावर असतं. अशा घरात ‘पोराची दहावी आहे’ हे वाक्य सगळ्यांवर चालतं. टीव्ही बंद होतो. पोराला दारं धरायला पाठवायचं नाही असं ठरतं. पाहुणे ओसरीवरच चहा घेऊन उठतात, आणि ‘आज काय शिकवलं’ असं ज्या बापाने दहा वर्षांत विचारलेलं नसतं, तोही पहाटे पाचला उठवायला येतो. (पोरीची दहावी असली तर हा नियम निम्माच लागू होतो, तिचा अभ्यास भाकरी थापून झाल्यावर सुरू होतो.) या जपणुकीत माया आहे, यात शंका नाही. तरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती जड होते, आणि त्याचं कारण प्रश्नपत्रिकेच्या अवघडपणात शोधून सापडत नाही. माझ्या मते कारण असं, की निकालाचा कागद घरात वजनकाट्याची पावती म्हणून वाचला जातो आणि असतो मात्र तो आडतीवरच्या पट्टीसारखा. पोरात किती आहे ते त्यावर नसतं. त्या साली, त्या बाजारात त्याला काय भाव लागला, तेवढंच असतं.

हा फरक शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. राहात्याच्या किंवा कोपरगावच्या बाजार समितीत कांदा नेणाऱ्या माणसाला पक्कं ठाऊक असतं, की गोणीचं वजन वावरात ठरतं आणि भाव लिलावात. निर्यातबंदीची बातमी आली की काल चांगला गेलेला एक नंबरचा माल आज गोल्टीच्या भावात मागतात, पण म्हणून कांदा रातोरात हलका झाला असं कोणी म्हणत नाही. पुणतांब्याने तर हीच गोष्ट साऱ्या राज्याला ऐकवली. ग्रामसभेत ठराव करून १ जून २०१७ ला इथल्या शेतकऱ्यांनी संप पुकारला, दूध-भाजी शहराकडे जाईना, आणि ‘मिळणारा दर ही आमच्या कष्टाची किंमत नव्हे’ हे म्हणणं मंत्रालयापर्यंत गेलं. ११ जूनला कर्जमाफी ‘तत्त्वतः’ मान्य झाली. दोनच दिवसांनी, १३ जूनला, दहावीचा निकाल लागला. दर आणि मोल एक नव्हे असं ज्या पंधरवड्यात या गावाने भांडून सांगितलं, त्याच पंधरवड्यात राज्यभरच्या घराघरांत टक्का हेच पोराचं मोल म्हणून वाचलं गेलं. पुणतांबा त्याला अपवाद असेल असं मानायला काही आधार दिसत नाही.

टक्का हा भावच आहे, याचा पुरावा परीक्षा मंडळाच्याच आकड्यांत आहे. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० ला एकदम ९५.३० वर गेला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा हुशार झाली, असं तर कोणी म्हणणार नाही. झालं ते एवढंच: २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांना असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकले होते. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ते परत आले. शंभर टक्के मिळवणारी मुलं २०१९ ला राज्यात अवघी २० होती; २०२० ला २४२ झाली. त्यातही २०२० चा भूगोलाचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता, तो करोनामुळे झालाच नाही आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतलं मूल्यमापन धरून निकाल लावला, तो ९९.९५ टक्के. आता २०१९ च्या मार्चमध्ये बसलेला एखादा मुलगा घ्या. त्याला ६८ टक्के पडले आणि पाठच्या भावाला पुढच्याच वर्षी ८१. त्या घरात पुढची दहा वर्षं थोरला ‘मध्यम’ आणि धाकटा ‘हुशार’ म्हणून वावरणार. लग्नाच्या बोलणीतसुद्धा हा तेरा टक्क्यांचा फरक निघेल. दोघांच्या डोक्यात प्रत्यक्षात काय फरक आहे, हे त्या दोन गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवून कोणालाही सांगता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो वजनदार आहे. म्हणतील, गरिबाच्या पोराकडे दुसरं आहे काय? बोर्डाच्या परीक्षेत त्याचं आडनाव दिसत नाही. उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर चिकटलं, की तपासणाऱ्याला ती सरपंचाच्या पोराची की सालगड्याच्या, हे कळायला मार्ग नाही. गावात जिथे तिथे ‘कोणाचा रे तू?’ हा प्रश्न आधी येतो. या तीन तासांत तो येत नाही. हे म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. परीक्षा काढून टाकली तर तिच्या जागी ओळख, देणगी आणि वशिला येईल, आणि त्यात पुणतांब्याच्या पोराचा नंबर शेवटी लागेल. २०२१ ने ते दाखवूनही दिलं: सगळेच पास म्हटल्यावर अकरावीचे प्रवेश कशावर द्यायचे हे कळेना, सीईटी जाहीर झाली, ती उच्च न्यायालयात रद्द झाली. भाव ठरायला बाजार लागतोच. माझी तक्रार लिलावाबद्दल नाही. लिलावाहून घरी आल्यावर पट्टीकडे पाहून मालाला शिव्या घालण्याबद्दल आहे. आणि या निनावी व्यवस्थेतली एक गोष्ट तर मला फार आवडते. ऑनलाइन निकाल पाहताना बैठक क्रमांकाखाली आईचं नाव टाकावं लागतं. बहुतेक घरांत सातबाऱ्यावर जिचं नाव शोधून सापडत नाही, तिच्या नावावाचून पोराचा निकाल उघडत नाही. दुपारी एकला चुलत्याच्या मोबाईलभोवती सगळे जमतात, कोणीतरी वहिनीचं नाव घाईत चुकीचं टाकतं, पान उघडत नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारातून तीच आपल्या नावाची अक्षरं सांगते.

दुसरा आक्षेप धाकाचा. टक्क्यांची भीती घातली नाही तर पोरं पुस्तक उघडणार नाहीत, असं म्हणतात. उघडतात, पण कोणतं? शेवटच्या दोन महिन्यांत धाकाने उघडतं ते ‘एकवीस अपेक्षित’. सहावीत अपूर्णांक कच्चे राहिले असतील तर ते मार्चमध्ये पहाटे पाचला उठून पक्के होत नाहीत. सहावी-सातवीत नापास न करण्याच्या धोरणामुळे ते कच्चेपण घरापर्यंत पोचलेलंच नसतं, आणि घरानेही विचारलेलं नसतं. वजन करायचंच असेल तर त्याची वेळ सातवी-आठवीची. पोराला वावराचं क्षेत्रफळ गुंठ्यांत काढायला सांगावं, सोसायटीच्या कर्जाचं व्याज मांडायला द्यावं, वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दोन वाक्यांत सांग म्हणावं. यात त्याला काय येतं आणि काय येत नाही ते अर्ध्या तासात दिसतं, आणि दुरुस्तीला दोन-तीन वर्षं हातात राहतात. दहावीच्या निकालातून ते कळायची वाट पाहणं म्हणजे फारच उशीर.

पुणतांब्यातच गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे, आणि त्यांच्या नावाशी जोडलेली कथा परीक्षेच्या दिवसांत कोणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. चौदाशे वर्षांचा योगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसला आणि मायना काय घालावा इथेच अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. शेवटी कोरा कागदच पाठवला. एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाली; घरातली बहीण म्हणते तसंच ते आहे. पण पत्र परत गेलं नाही. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर लिहिलं. आजच्या हिशेबाने पाहिलं तर कोऱ्या पेपरला पासष्ट! गुण नव्हेत, शिकवणी. ज्याला काही लिहिता आलं नाही त्याला काय सांगायला हवं, हे त्यांनी पाहिलं.

तिसरा आक्षेप रोकडा आहे, आणि त्यापुढे मलाही थोडं थांबावं लागतं. जमीन तुकड्या-तुकड्यांची झाली, ऊस कारखान्याच्या तारखेवर आणि कांदा दिल्लीच्या मर्जीवर. पोराला बाहेर काढणारी एकच वाट उरली ती टक्क्यांची. भाव म्हणा की वजन, पैसा भावानेच मिळतो. खरं आहे. पण मग तो भावासारखाच हाताळावा. भाव पडला म्हणून शेतकरी कांदा उकिरड्यावर टाकत नाही, चाळीत भरतो. (चाळीतही थोडा सडतो, हे कबूल.) पोराचा एखादा विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि तिच्या फॉर्मची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते. ज्या घरात तो आठवडा रडण्यात आणि ‘तुझ्यामुळे मान खाली गेली’ ऐकवण्यात जातो, तिथे फॉर्म भरायचा राहून जातो. पास झालेल्यांचंही तेच. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, म्हणजे पुणतांब्याचा मुलगाही दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम भरतो. त्यासाठी मागच्या वर्षीचे कटऑफ पाहावे लागतात: श्रीरामपूरला विज्ञानाची यादी कितीला बंद झाली, कोपरगावला कितीला, वसतिगृह कुठे आहे, बस किंवा पॅसेंजर किती वाजता. कालचा बाजारभाव पाहून आज गाडी कुठे लावायची, हे ठरवणं या गावातल्या बापांना चांगलं जमतं. निकालाच्या दुपारी, पेढे वाटून झाल्यावर किंवा न वाटताच, त्यांनी पोराशेजारी बसून तेवढं एक काम करावं. पसंतीक्रमाचे रकाने त्याला एकट्याला भरायला लावू नयेत.